एका स्वराची साक्ष

गिटार उत्तम वाजविणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. ज्याची बोटे तारांवर चपळाईने धावतात, ज्याला अवघड जागा लीलया साधतात तो उत्तम वादक, असे बहुतेकांचे उत्तर असते. आणि ते अगदीच चुकीचे आहे असे नाही. आमच्या वाचकांच्या घरांत गिटार हे काही नवखे वाद्य नव्हे. मुलाने अमुक एक कठीण तुकडा बसविला म्हणजे घरातील मंडळी कौतुकाने गोळा होतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. परंतु या एकाच मापाने मोजू गेल्यास काही वादक हातून निसटतात. कॅनडातील गीतकार-गायक नील यंग हे अशा निसटणाऱ्यांमधील पहिल्या रांगेतले नाव होय.

गीतकार म्हणून त्यांची थोरवी आता कोणी नाकारीत नाही. वाद आहे तो त्यांच्या गिटारीविषयी. एक पक्ष म्हणतो, हा मनुष्य एकच स्वर पुन्हा पुन्हा ठोकत बसतो. त्याच्या तारा कधी कधी नीट लागलेल्याही नसतात. गाणी चांगली आहेत म्हणून वादन खपून जाते, एवढेच. दुसरा पक्ष म्हणतो, विद्युत गिटारीवर इतके बोलके वादन फार थोड्यांनी केले आहे. दोन्ही पक्ष ऐकतात तेच स्वर, आणि निर्णय मात्र परस्परविरोधी देतात. जिथे असे घडते तिथे वादकापेक्षा आपले मापच तपासून पाहावे, असे आम्हांला वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ज्याला येत नाही तो साधे वाजवितो, हा तो गैरसमज. नील यंग यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९४५ रोजी टोरांटो येथे झाला. १९५१ साली, वयाची सहा वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्यांना पोलिओने गाठले. पुढे आईवडील विभक्त झाले आणि आईबरोबर ते विनिपेग शहरी आले. तेथे त्यांनी 'द स्क्वायर्स' नावाचे तरुणांचे पथक उभारले. हे पथक प्रारंभी मुख्यतः शब्दांविना, केवळ वाद्यांवरच्या रचना वाजवीत असे. १९६३ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना अशाच रचना आहेत. इंग्लंडमधील 'द शॅडोज' या पथकाचे हँक मार्विन आणि विनिपेगमधीलच रँडी बाकमन हे त्यांचे त्या काळातील आदर्श होते. मार्विन यांचे वादन म्हणजे स्वच्छ, रेखीव, प्रत्येक स्वर सुटा आणि घासून पुसून लख्ख केलेला. ज्या तरुणाने शब्दांची मदत न घेता केवळ गिटारीने धून गावयाची असे ठरवून सुरुवात केली, त्याला गिटार येत नव्हती असे कसे म्हणावे? जे त्यांनी पुढे सोडून दिले, ते आधी हाती घेऊनच सोडले.

आता प्रत्यक्ष पुराव्याकडे वळू. १९६९ साली 'एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर' हा अल्बम निघाला. साथीला 'क्रेझी हॉर्स' हे पथक होते : दुसऱ्या गिटारीवर डॅनी व्हिटन, बेस गिटारीवर बिली टॅलबॉट आणि ड्रमवर राल्फ मोलिना. या अल्बममधील 'डाऊन बाय द रिव्हर' हे गीत नऊ मिनिटांहून अधिक चालते. आपल्या प्रेयसीला नदीकाठी गोळी घातल्याची कबुली देणाऱ्या एका मनुष्याचे हे गीत आहे. कडव्यांच्या खाली आणि एकलवादनाच्या खाली दोनच स्वरसंघ, म्हणजे गिटारवादक ज्यांना कॉर्ड म्हणतात ते, आलटून पालटून येत राहतात. आणि त्यावर यंग एकलवादन सुरू करतात ते एकाच स्वराने. तोच स्वर, तुटक, कोरडा, पुन्हा पुन्हा. पुढे जाण्याची वाट समोर मोकळी असताना वादक जागचा हलत नाही.

अननुभवी कानाला हे दारिद्र्य वाटते. परंतु गीत काय सांगते आहे हे ध्यानात घेतले म्हणजे या स्वराचा अर्थ उलगडतो. ज्याच्या हातून असे कृत्य घडले तो मनुष्य त्या एका क्षणाच्या पुढे जाऊच शकत नाही. तो कबुली देतो आणि पुन्हा तीच कबुली देतो. त्याचे मन तेथेच आपटत राहते. येथे एखाद्या चपळ वादकाने सुंदर, वळणदार स्वरमाला गुंफली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या, परंतु ते वादन खोटे ठरले असते. कारण त्या मनुष्याच्या अंतःकरणात त्या घडीला सौंदर्याला जागा नाही. यंग यांची गिटार त्याच्याऐवजी अडखळते. शब्दांनी सांगितलेली गोष्ट ती नटवीत नाही. शब्दांना जे सांगता आले नाही ते ती सांगते.

त्याच अल्बमवरील 'सिनॅमन गर्ल' हे गीत याहून लहान आणि आनंदी आहे. त्यासाठी यंग गिटारीच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या अशा दोन्ही बाहेरच्या तारा नेहमीपेक्षा एक पूर्ण स्वर उतरवून लावतात, त्यामुळे वाद्याला एक भरीव, घुमणारा आवाज येतो. या गीतातील एकलवादन तर एकाच स्वराचे म्हणून प्रसिद्धच झाले आहे. पण लक्षपूर्वक ऐकावे : स्वर एकच असला तरी त्याखालचे स्वरसंघ बदलत असतात. जो स्वर एका ठिकाणी घरी पोचल्यासारखा वाटतो, तोच दुसऱ्या ठिकाणी परक्या दारात उभा राहिल्यासारखा वाटतो. शिवाय प्रत्येक आघात सारखा नसतो. कोठे तार किंचित ताणलेली, कोठे आघात उशिराचा, कोठे अधीरपणाने आधीच आलेला. आपल्याकडे मैफलीतील जाणकार श्रोता गायकाने षड्ज कसा लावला हे आधी पाहतो, ताना मागाहून मोजतो. तीच दृष्टी येथे ठेवली म्हणजे पुरे.

षड्जाचा उल्लेख आला तसा नादाचाही विचार केला पाहिजे. यंग यांची प्रमुख विद्युत गिटार म्हणजे १९५३ साली बनलेली 'गिब्सन लेस पॉल'. मूळची सोनेरी, पुढे कोणीतरी काळा रंग दिलेली. म्हणून तिचे नाव 'ओल्ड ब्लॅक', म्हणजे 'जुनी काळी', असे पडले. जिम मेसिना या सहकाऱ्याशी आपली एक गिटार देऊन, अदलाबदलीने त्यांनी ती घेतली. तिच्यावर तारांचा ताण हाताने कमीजास्त करणारा एक दांडा बसविलेला आहे. त्याने स्वर हलकेच थरथरतो किंवा खाली ढासळतो. हे ऐकताना शॅडोजच्या मार्विन यांची आठवण होते. त्यांच्या हातात हाच उपाय लाटेसारखा हळुवार होता, यंग यांच्या हातात तो हुंदक्यासारखा होतो. गिटारीच्या जोडीला १९५९ सालचा 'फेंडर डीलक्स' हा अ‍ॅम्प्लिफायर. त्याची शक्ती साधारण पंधरा वॉट, म्हणजे मोठ्या मैदानातील यंत्रांपुढे अगदीच नगण्य. हा लहानसा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे ताणला म्हणजे त्याचा आवाज चिरतो, पसरतो, भरडा होतो. यंग यांना तोच हवा असतो. ही गिटार आणि हा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी दशकानुदशके सोडला नाही. चांगल्या वादकाचे हे एक लक्षण आम्ही मानतो : नवनवीन साधनांच्या मागे न धावता एकाच साधनाला पुरते ओळखणे, ते कोठे दगा देते हेही ठाऊक असणे, आणि त्या दग्यालाही कामी लावणे.

विद्युत गिटारीच्या या गर्जनेमुळे त्यांच्या लाकडी गिटारीकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये. १९७१ साली पाठीच्या दुखण्याने त्यांना जेरीस आणले. शस्त्रक्रिया करावी लागली. उभे राहून जड विद्युत गिटार पेलणे कठीण झाल्याने त्या काळात ते बसून लाकडी गिटार वाजवीत. १९७२ सालचा 'हार्वेस्ट' हा त्यांचा सर्वांत लोकप्रिय अल्बम या दिवसांचे फळ होय. त्यातील 'द नीडल अँड द डॅमेज डन' हे गीत ३० जानेवारी १९७१ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाले. अवघ्या दोन मिनिटांचे गीत. एक गळा, एक गिटार. विषय हेरॉइनच्या सुईचा, आणि तिने आपल्यातून ओढून नेलेल्या वादकांचा. गिटारीवर खर्जाची ओळ पायरी पायरीने खाली उतरते. उतरते आणि पुन्हा वर येऊन त्याच पायऱ्या पुन्हा उतरू लागते. व्यसनाचे याहून अचूक चित्र शब्दांनी क्वचितच काढले असेल. सुटलो असे वाटते, आणि पाऊल पुन्हा पहिल्या पायरीवर पडते. ऐकणाऱ्याला यातील तंत्र जाणवतही नाही. ते जाणवू नये एवढ्या बेताने ते वापरले आहे.

या गीतामागे डॅनी व्हिटन यांची छाया आहे, आणि येथे आम्हांला थोडे थांबले पाहिजे. कारण 'चांगला वादक कोण' हा प्रश्न नील यंग यांच्या आयुष्यात केवळ रसिकांच्या चर्चेचा राहिला नाही. १९६९च्या त्या अल्बमवर व्हिटन यांची दुसरी गिटार ऐकावी. 'डाऊन बाय द रिव्हर'मध्ये दोन गिटारी दोन बाजूंनी वेगवेगळ्या ऐकू येतात. यंग एका स्वरावर अडून राहतात तेव्हा व्हिटन तालाची छोटी छोटी उत्तरे देतात, मोकळ्या जागा राखतात, ढकलतात, सावरतात. यंग यांचा तो एकाकी स्वर एकाकी वाटतो, पण एकाकी पडत नाही, याचे श्रेय या मित्राला आहे. एकलवादन म्हणून आपण ज्याची वाखाणणी करतो ते पुष्कळदा दोघांचे काम असते.

व्हिटन हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७२च्या नोव्हेंबरात यंग यांनी आगामी दौऱ्याच्या तालमीसाठी त्यांना बोलावले. परंतु त्यांच्याने वाजवणे होईना. गाणी स्मरणात राहीनात. शेवटी यंग यांनी त्यांना पन्नास डॉलर आणि विमानाचे तिकीट देऊन लॉस एंजेलिसला परत पाठविले. त्याच रात्री, १८ नोव्हेंबर रोजी, व्हिटन मरण पावले. औषधी गोळ्या आणि मद्य यांचा अतिरेक झाला होता. या मृत्यूला आपण जबाबदार आहोत ही बोच यंग यांना पुढे दीर्घकाळ लागून राहिली, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखविले आहे. त्या दिवशीचा निर्णय चूक होता असा निवाडा आम्ही देणार नाही. दौरा तोंडावर होता, इतर वादक खोळंबले होते. पथकाच्या प्रमुखाला कधी असे निर्णय घ्यावे लागतात. परंतु 'याला आता वाजवता येत नाही' हे वाक्य किती जड असू शकते, ते त्या रात्रीने दाखविले.

त्यानंतर जे वादन आले त्याकडे या प्रकाशात पाहावे. १९७३ साली पथकाच्या सामानाची व्यवस्था पाहणारा ब्रूस बेरी हाही तरुण अमली पदार्थांनीच गेला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये यंग यांनी टॅलबॉट, मोलिना, नील्स लॉफग्रेन आणि बेन कीथ यांना बरोबर घेऊन हॉलिवूडच्या एका तालीमघरात रात्री जागवून 'टुनाइट्स द नाइट' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. तो प्रसिद्ध व्हायला १९७५ साल उजाडले. 'हार्वेस्ट'ची गोडी ज्यांच्या ओठांवर होती त्यांना हा अल्बम ऐकवेना. गळा फाटतो, स्वर निसटतात, साथ डगमगते, आणि त्यातले काहीही दुरुस्त केलेले नाही. इतकेच नव्हे, तर १९७० सालच्या एका कार्यक्रमातील व्हिटन यांचे गाणे त्यांनी या अल्बमच्या मध्ये जसेच्या तसे ठेवले. मृत मित्राचा आवाज जिवंतांच्या ओळीत बसविला. ज्याच्या हाताला सूर लागेना म्हणून एका मित्राला परत धाडावे लागले, त्याच मनुष्याने पुढे स्वतःचे निसटलेले सूर लोकांसमोर उघडे ठेवले. या दोन गोष्टींचा संबंध आम्ही जोडतो आहोत. तो आमचा अन्वयार्थ आहे. पण तो जोडल्यावाचून ते वादन आम्हांला पुरते समजत नाही. हा निष्काळजीपणा नव्हे. आपण सावरलेलो नसताना सावरल्याचे सोंग न करण्याचा तो निश्चय आहे.

त्याच १९७५ साली 'झुमा' हा अल्बम आला आणि त्यात 'कॉर्टेझ द किलर'. आता क्रेझी हॉर्समध्ये व्हिटन यांच्या जागी फ्रँक सॅम्पेड्रो आले होते. गीत साडेसात मिनिटांचे. आणि पहिला शब्द उमटण्यापूर्वी तीन मिनिटांहून अधिक काळ केवळ गिटार बोलते. खाली तीनच स्वरसंघ, संथ, समुद्राच्या भरतीसारखे. विषय आहे सोळाव्या शतकात स्पेनच्या एर्नान कोर्तेसने मेक्सिकोवर मिळविलेला विजय. येथे टीकाकार म्हणून एक गोष्ट स्पष्ट नोंदविणे आमचे कर्तव्य आहे : गीताचे शब्द इतिहासाशी प्रामाणिक नाहीत. मोक्तेसुमाचे राज्य म्हणजे युद्ध ठाऊक नसलेले नंदनवन होते, असे चित्र त्यात उभे राहते. वास्तविक त्या साम्राज्यानेही शेजाऱ्यांना जिंकले होते, आणि तेथे नरबळीची प्रथा होती. दुसरीकडे, क्रूस मिरवीत आलेल्या विजेत्यांनी काय केले, हे आपण ख्रिस्ती वाचकांनी तरी नजरेआड करू नये. इतिहासातील दोन्ही बाजू शब्दांना पेलल्या नाहीत. गिटारीला मात्र बाजू घ्यावीच लागत नाही. ती फक्त एवढेच सांगते की काहीतरी मोठे, परत न येणारे बुडाले. गीतकार चुकला तेथे त्याच्यातला गिटारवादक चुकला नाही. गीतकाराने गिटार का शिकावी, याचे याहून चांगले उत्तर आमच्यापाशी नाही.

एवढे म्हटल्यावर दोषांकडे काणाडोळा करणे योग्य होणार नाही. यंग यांना कोठे थांबावे हे नेहमीच कळते असे नाही. त्यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांत काही गीते इतकी लांबतात की एकाग्रता आणि हट्ट यांतील सीमारेषा पुसट होते. १९९१ साली त्यांनी 'आर्क' नावाचा अल्बम काढला. त्यात पस्तीस मिनिटे बहुतांशी अ‍ॅम्प्लिफायरचा फीडबॅक, म्हणजे वाद्याचा स्वतःवरच उलटणारा आक्रोश, जोडून ठेवला आहे. प्रयोग म्हणून त्याची नोंद घ्यावी, परंतु तो पुन्हा ऐकण्याची इच्छा आम्हांला झाली नाही. त्या काळातील प्रचंड आवाजाने त्यांच्या स्वतःच्या कानांनाही इजा झाली आणि १९९२ सालच्या 'हार्वेस्ट मून'मध्ये ते पुन्हा मृदू लाकडी गिटारीकडे वळले. एका स्वराचे सामर्थ्य आसपासच्या शांततेवर अवलंबून असते. शांतताच उरली नाही तर तो स्वरही उरत नाही, हा धडा त्यांना स्वतःलाही गिरवावा लागला.

आणखी एक धोका आहे, तो अनुकरण करणाऱ्यांचा. 'नील यंग एकच स्वर वाजवितात, मग आम्ही रियाज कशाला करावा' असे म्हणणारे तरुण आम्हांला भेटतात. त्यांना आमचे उत्तर असे : आळसातून आलेला एक स्वर आणि निवडीतून आलेला एक स्वर कागदावर सारखे दिसतात, कानाला सारखे वाटत नाहीत. पहिल्यात वादक जेवढे येते तेवढे वाजवितो. दुसऱ्यात जेवढे हवे तेवढे. यंग यांनी आपली काही गीते एकाच अल्बमच्या आरंभी आणि अखेरी अशी दोनदा दिली आहेत. १९७९ सालच्या 'रस्ट नेव्हर स्लीप्स'मध्ये तेच गीत प्रारंभी लाकडी गिटारीवर एकट्याने आणि शेवटी संपूर्ण पथकासह विद्युत गिटारीवर येते. १९८९ सालच्या 'फ्रीडम'मध्येही तसेच. ही दोन रूपे एकापाठोपाठ एक ऐकावीत. चाल तीच, पण पहिल्यात जे विचारात पडलेले वाटते ते दुसऱ्यात संतापलेले वाटते. आपल्या गीताच्या पोटात काय काय दडले आहे, हे ज्याला हाताने शोधता येते त्याला वाद्य येत नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

तेव्हा माप कोणते? वेग हे माप नव्हे, पण वेगाचा तिरस्कार हेही माप नव्हे. वादकाने वाजविलेला स्वर काढून टाकला तर गीताचे काही हरवते का, हे आम्ही विचारू. सोबत्याला त्याच्या वादनात जागा मिळते का, हे विचारू. आणि शब्द थकले किंवा चुकले, तर त्याची गिटार खरे बोलते का, हेही विचारू. या तीन प्रश्नांपुढे नील यंग उभे राहतात आणि, काही वेळा अडखळत का होईना, उत्तीर्ण होतात.

हे माप घरी आणण्यासारखे आहे. कोणा मुलाच्या हातून कठीण तुकडा निसटला म्हणजे आपण चटकन म्हणतो, 'याला येत नाही.' म्हणण्यापूर्वी त्याचा एखादा साधा स्वर लक्ष देऊन ऐकावा. त्यात तो मुलगा स्वतः असेल, तर रियाजाने बाकीचे येईल. तो नसेल, तर बाकीचे येऊनही फारसे हाती लागणार नाही.